देवक वेगळं होतं

सावेडी, नगर
११ ऑगस्ट २०२४

ती. मालनआत्यास,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून आधी हसून घे. तुझ्या घरी फोन आला की तो स्पीकरवर जातो आणि लंकाआजीपासून गड्यापर्यंत सगळे ऐकत बसतात. हे फक्त तुझ्यासाठी आहे.

मी शिकवते त्या शाळेतल्या तपासणीत माझं रक्त कमी भरलं. लोहाच्या गोळ्यांनी काही फरक पडेना, म्हणून डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी केली. माझ्यात थॅलेसेमियाचा अंश निघाला. घाबरू नकोस, मला आजार नाही. पण नवऱ्यातही तोच अंश असला तर प्रत्येक बाळंतपणात भीती असते. तसं मूल जन्मभर दुसऱ्याच्या रक्तावर जगतं, नाहीतर जगतच नाही. अप्पांनीही तपासून घेतलं. मला हे त्यांच्याकडूनच आलंय.

माझी आणि अंगदची सुपारी फुटलीय, दिवाळीनंतरची तारीख धरायचीय, हे सगळं मला कळतं. तरी तुझ्या लेकाची एकदा तपासणी करू दे. त्याला परस्पर सांगणार होते, पण तुझ्या कानावर घातल्याशिवाय नको वाटलं.

मामांना आणि आजींना नमस्कार. रागावलीस तरी उत्तर लिही, अबोला धरू नकोस.

तुझी
मोहिनी


शेवगाव
२४ ऑगस्ट २०२४

चि. मोहिनीस,
अ. आ.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. धडधाकट पोरीला आजारी करून सोडतात हे शहरातले डॉक्टर. वर माझ्या भावालाही त्यात ओढलंस. राधाकृष्ण अजून दोन पोती एकट्यानं उचलतो.

आपल्यात भाची आत्याच्या घरी द्यायची रीत आहे. लंकाआत्या माझी सख्खी आत्या, मी तिची सून झाले. आता तू माझी होणार. दोन्ही वेळा जाणत्या माणसांनी देवक बघितलं. आपलं पंचपल्लव, यांचं कळंब. देवक एक निघालं असतं तर रक्त एक म्हटलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. वेगळ्या देवकाच्या मुलात तुझ्या घरचं दुखणं येईल कुठून? मुलगी दिली की ती त्या कुळाची झाली. लग्न झाल्यापासून मी तेच मानत आले.

आणि आजारपण मला शिकवू नकोस. अंगदच्या आधी माझी मंगल होती, तू तिला पाहिलं नाहीस. तिच्या अंगावर लाली कधी आलीच नाही. पोट फुगलं, ताप उतरेना, तिसऱ्या वर्षी गेली. सासूबाई म्हणाल्या की तुझ्या दुधातच कस नव्हता. मी ऐकून घेतलं, कारण मलाही तसंच वाटत होतं.

पुन्हा हा विषय नको. शालूचा रंग कळव. जांभळा घेऊ नकोस, त्यात तू वांग्यासारखी दिसतेस.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी आत्या
मालन


सावेडी, नगर
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

विषय नको म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. अंगद ट्रॅक्टरचा पार्ट आणायला नगरला आला होता हे खरं, पण त्याच दिवशी रक्तही देऊन गेला. त्याला बोलू नकोस, मीच बोलावलं होतं. त्याच्यातही तोच अंश आहे.

मंगलबद्दल मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. इतक्या वर्षांनी पक्कं सांगता येणार नाही, पण सगळी लक्षणं त्याचीच, असं त्या म्हणाल्या. आत्या, देवक बापाकडून मोजतात. रक्त तसं येत नाही, ते आईकडूनही तेवढंच येतं. लंकाआजी आणि तुझे वडील सख्खी भावंडं. आजीकडून तो अंश मामांत, म्हणजे तिच्या मुलात आला. तुझ्या वडिलांकडून तुझ्यात आणि अप्पांत आला. मंगलला तो तुम्हा दोघांकडून मिळाला. तुझ्या दुधात काहीही कमी नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला फार वेळ लागला.

लग्न करता येतं, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. दिवस राहिल्यावर लवकर तपासणी होते. ती वाईट निघाली तर काय करायचं, ते मात्र आम्हीच ठरवायचं. अंगद तयार आहे. मला तो आवडतो, हे तुला लिहायला मी लाजत नाही. पण माझ्याच्यानं ठरवणं होत नाही. तू सांगशील ते मी करीन.

तुझ्या मायेत मला उणं पडू देऊ नकोस.

तुझी
मोहिनी


शेवगाव
६ ऑक्टोबर २०२४

चि. मोहिनीस,
अ. आ.

तुझं पत्र घेऊन मी कापसाच्या वावरात जाऊन बसले आणि मोठ्यानं रडले. मंगल गेली तेव्हाही मला असं रडता आलं नव्हतं. तेव्हा लाज वाटत होती.

लंकाआत्यांना सगळं सांगितलं. आधी म्हणाल्या की आता उगाळून काय उपेग. मग थोड्या वेळानं विचारलं की म्हंजी माझ्यातून गेलं व्हय? मी म्हटलं की तुमच्यातून आणि माझ्यातूनही. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून म्हणाल्या की मी तुला लई बोलले, पर पोरीला जीव मीबी लई लावला हुता. ते खरं आहे. मंगल त्यांच्याच मांडीवर गेली.

ठरवायचं माझ्यावर टाकलंस, तर ऐक. पोटातलं ठेवायचं की नाही, हे तुला विचारायची वेळ मी कुणावर येऊ देणार नाही. सून म्हणून तुला मीच मागितली होती, ती मागणी मीच परत घेते. भावकीत मी सांगेन की मालननं मोडलं. तुझ्याकडे कुणी बोट दाखवायचं नाही. पुढं कुठलंही स्थळ येवो, आधी मुलाचं रक्त बघायचं, आणि ते सांगायला बैठकीत मी स्वतः येऊन बसेन. अंगद माझ्याशी बोलत नाही. भाकरी खातो आणि उठून जातो.

आपल्यात मामेबहीण आतेभावाला ओवाळत नाही. उद्या लग्न जुळेल म्हणून ते नातं मोकळं ठेवतात. या भाऊबीजेला तू ये. पाट मी मांडीन, निरांजन मी लावीन. अंगद बसेल का, मला माहीत नाही. तुझा हात उठेल का, तेही माहीत नाही. पण एवढं केलं नाही तर तुम्ही दोघं जन्मभर एकमेकांचे कुणीच राहणार नाही, आणि ते मला सोसवणार नाही.

माझा राग धर, पण माया तोडू नकोस.

तुझी आत्या
मालन