बेदागचा चेहरा

मेरठ, ४ नोव्हेंबर १९८८
नवी डायरी. हिच्यात फक्त सत्य. प्रशांत बेदाग म्हणजे मी, हरस्वरूप कौशिक. बराचसा मीच. तसा या नावाचा माणूस कुठेच नाही. प्रकाशक लाला मुरारीलालांनी हे नाव शोधून काढलं आणि त्यावर हेरकथा, प्रेमकथा, वशीकरण, लोणची-मुरंबे, मधुमेहाचे घरगुती इलाज, सगळं छापलं. हेरकथा माझ्या. लोणचीही माझीच, बायकोला, विमलाला विचारून. प्रेमकथा तेवढ्या रिझवी लिहितो. रडारडीचं काम, कोणीही करील.
संकल्प: या हिवाळ्यात स्वतःच्या नावाने कादंबरी. लालांशी रोखठोक बोलायचं.

९ नोव्हेंबर
बोललो नाही. लालांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पण कधीही आलं असतं.
रिझवीला बेत सांगितला. हसला, मग खोकत बसला. म्हणाला, "पंडित, पोराचं बारसं करताना लालाने एवढा विचार केला नसेल, जेवढा बेदागसाठी केला. तो तुला तुझं नाव लावू देतोय होय?"
महत्त्वाकांक्षा नाही माणसाला.

२१ नोव्हेंबर
रिझवी गेला. छाती आतून पोखरली होती म्हणे. कब्रस्तानात बरीच माणसं. एरवी याला चहा न पाजणारे डोळे पुसत होते. लालाही होते, गर्दीकडे बघत.
त्याची बायको नफीसाभाभी म्हणाली, "भाईजान, त्यांची शेवटची कादंबरी छापायला गेली आहे. त्या एकीवर तरी त्यांचं नाव घालायला सांगा. पोरीला दाखवायला काही नाही हो घरात."
शब्द दिला. माझा शब्द म्हणजे शब्द.

२४ नोव्हेंबर
लालांकडे गेलो. त्यांनी गजक, तिळगुळाची वडी, पुढे केला. विषय काढला. म्हणाले, "पंडितजी, गेलेल्याचं नाव घालून काय करू? तो पुढचं लिहिणार आहे का? तुम्ही मात्र आहात. वाचक फोटो मागतात. बेदागला चेहरा द्यायचा ठरवलंय, आणि तो तुमचा."
अट एकच. कोणी विचारलं तर पहिल्यापासूनचा सगळा बेदाग मी. प्रेमकथांसकट.
मग रिझवीचं बोलायला जागाच उरली नाही. गजक ताजा होता.

२७ नोव्हेंबर
फोटो काढला. हनुवटीखाली मूठ. फोटोवाला म्हणाला, जरा दुःखी दिसा. सहज जमलं.

३० नोव्हेंबर
नफीसाभाभी घरी आली. मी समजावलं की रिझवीच्या कादंबऱ्यांवर शेवटचा हात माझाच फिरायचा, तत्त्वतः त्या माझ्याच. तिने शांतपणे विचारलं, "मग त्या आंधळ्या शिंपिणीचं नाव काय होतं?"
एवढ्या पुस्तकांतली नावं कोण लक्षात ठेवतं?
"माझ्या पोरीचं आहे," म्हणाली आणि चहा तसाच ठेवून गेली.
विमलाने माझ्यापुढे ताट आदळलं. नवऱ्याची कीर्ती बायकांना सोसत नाही.

१९ डिसेंबर
स्टेशनवरच्या स्टॉलवर रिझवीचं ते शेवटचं पुस्तक आलं. मागच्या पानभर माझा फोटो. फोटोभोवती हार छापलेला. खाली: 'स्वर्गीय प्रशांत बेदाग यांची अखेरची कादंबरी.'
स्टॉलवाला म्हणाला, "घ्या बाबूजी. बिचारा ऐन उमेदीत गेला."
मी म्हटलं, हा मीच आहे. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं. "भाऊ असाल. नाक तेच आहे."
ऐन उमेदीत म्हणाला, हे नोंदवून ठेवतो.

२० डिसेंबर
लालांना जाब विचारला. बसूनच. म्हणाले, "रिझवीच्या मयतीलाच सुचलं. जिवंतपणी माणसाला कोण विचारतं? अखेरची म्हटलं की उड्या पडतात. आता काही दिवस बाजारात फिरू नका, पंडितजी. मेलेला लेखक पानाच्या ठेल्यावर दिसला तर माझा धंदा बसेल."
मी म्हटलं, पुढे काय? म्हणाले, "अप्रकाशित काढू की! गेलेल्या लेखकाच्या पेटीत काय कमी निघतं?"
छान. आता अप्रकाशित बेदाग लिहिणार. मोकळ्या हाताने.

८ जानेवारी १९८९
हस्तलिखित परत आलं. लाला म्हणाले, "हे बेदागचं वाटत नाही."
"लालाजी, बेदाग मी आहे."
"तुम्ही फोटो आहात."
वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा समोर टाकला. सगळी प्रेमकथांवर. हेरकथांबद्दल एकच पत्र, तेही पान उलटं लागल्याची तक्रार.
लोणच्यांचं मी विचारलं नाही.

१५ जानेवारी
नफीसाभाभीने रिझवीचे राहिलेले कागद लालांना देऊन टाकले. पोरीला घेऊन भावाकडे रामपूरला गेली. जाताना आमच्याकडे आली नाही. विमला त्यांच्या दाराशी जाऊन निरोप देऊन आली, मला न सांगता.
लालांनी कागद माझ्याकडे दिले. रिझवीचं अक्षर छापखान्यात कोणाला लागत नाही. "तुमचं टपोरं आहे, उतरवून द्या," म्हणाले.
दिवसभर उतरवलं. एक वाक्य मी सुधारलं होतं. लालांनी ओळखलं, खोडलं, आणि मूळचं पुन्हा लिहायला लावलं. लिहिलं.
अक्षर मात्र फार सुरेख आलं आहे.