स्वयंपाकघरातली निर्मळ हवा

४ ऑगस्ट.
दाढीवर आजवर झालेल्या अन्यायांचा इतिहास कोणीतरी लिहायला हवा. लॉर्नाच्या शेळ्यांत क्यू-फीवर शिरलाय, शेडच्या धुळीतून जिवाणू उडताहेत, आणि बाई माझ्या हनुवटीवर घसरल्या: दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, डॉक्टर, काढून टाका. मी बावीस वर्षं जनावरांचा डॉक्टर. लस केव्हाच टोचून घेतलीय. दाढी राहील.

६ ऑगस्ट.
संशोधनाची आखणी निर्दोष. हवा ओढणारे दोन पंप: एक शेडमध्ये, दुसरा आमच्या स्वयंपाकघरात. तुलनेला निर्मळ हवा हवीच. ब्रॉन्टेची कुरकुर, की पंपाच्या घरघरीनं पोटातलं बाळ दचकतं. सातवा महिना लागलाय. जावई खाणीवर, म्हणून लेक इथं.

९ ऑगस्ट.
शेडमध्ये व्याख्यान दिलं. शेळी व्याली की पडलेली वार लगेच उचला. कोरडा झाडू नको, आधी पाणी शिंपडा. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत. गरोदर बाईनं शेळ्यांपासून लांबच राहायचं, हा ताप पोटातल्या बाळाला घातक. लॉर्नानं विचारलं, "आणि तुमचा तो स्वेटर, डॉक्टर?" विषयांतर.

१२ ऑगस्ट. पहाट, दहिवर गोठलेलं; इथं ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा.
नुकतं जन्मलेलं करडू काकडत होतं. स्वेटरात गुंडाळून घरी आणलं, शेगडीजवळ खोक्यात ठेवलं. इथं घरोघरी असंच करतात. याला रोगप्रसार म्हणत नाहीत. उद्या परत.

१३ ऑगस्ट.
उद्या.

१७ ऑगस्ट.
ब्रॉन्टे त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं पाजते. नाव ठेवलंय बिशप. म्हणे, मोठेपणी बाबांसारखी दाढी येईल. नाव ठेवलेलं जनावर परत कसं न्यायचं?

२० ऑगस्ट.
दोन्ही पंपांतले फिल्टर डब्यांत घालून प्रयोगशाळेला रवाना. निष्कर्षाचा मसुदा आधीच तयार. वेळ वाचतो.

२९ ऑगस्ट.
निकाल. शेडमध्ये जिवाणू अगदी थोडे. लॉर्ना रोज पाणी शिंपडते. स्वयंपाकघरात भरपूर. प्रयोगशाळेचा गलथानपणा, दुसरं काय. फोनवर सुनावलं, की डब्यांची अदलाबदल झालीय. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, डब्यांवर अक्षर तुमचंच आहे.

३० ऑगस्ट.
दाढी काढली. स्वेटर जाळला. बिशपला परत नेलं. लॉर्ना टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "ब्रॉन्टे कशी आहे?"

१ सप्टेंबर. सकाळी सात.
ब्रॉन्टेला ताप. एकशे एक. थर्मामीटर जुना आहे, असं लिहायला बसलो होतो. काल तिला सगळं सांगितलं, तेव्हा रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्हाला तर माहीत होतं ना?"
हो. माहीत होतं.
गाडी काढतोय. रक्त तपासतील, औषध देतील. मला बाळाच्या जिवाची भीती वाटते.