पगार जास्त आला त्याची गोष्ट

छावणी, छत्रपती संभाजीनगर

आदरणीय फारूख मामूजान यांना भाचा साकिबचा अदबीनं सलाम.

मामींचे गुडघे आता कसे आहेत? पैठणची हवा त्यांना मानवते, असं अम्मी म्हणते (अम्मीला स्वतःला कुठलीच हवा मानवत नाही). मी बरा आहे, फक्त घास उतरत नाही. कारण सांगतो.

वाळूजच्या आमच्या कारखान्यात पगार मी काढतो, हे तुम्ही जाणताच. मार्चचा पगार काढण्याआधी वर्षाचा हिशेब लावला, तर मशिनवरच्या काही जणांचा आयकर आधीच जास्त कापलेला निघाला. तो मालकानंच वर्ष संपायच्या आत पगारात वळता करायचा असतो. म्हणून या महिन्यात मी त्यांचा कर कापलाच नाही. पगार फुगून आला. मला वाटलं, लोक पेढे आणतील.

आला तो बद्रीनाथ, आमचा जुना ऑपरेटर, मोबाइलवरचा बँकेचा मेसेज पुढं करून. "साकिबभाई, खरं सांगा, कारखाना बंद पडतोय ना? मालकानं न मागता पैसं दिल्यालं मी उभ्या जन्मात नाय पाहिलं." म्हटलं, अरे, हा तुझाच कर आहे, तुला परत आलाय. "व्हय, पण परत का दिला?" मामूजान, याचं उत्तर आयकर कायद्यातही नसावं.

चहाच्या सुट्टीत बातमी गेटबाहेर गेली. ज्यांना जास्त मिळाले ते म्हणाले, हिशेब चुकता करून आपल्याला काढणार. ज्यांना नाही मिळाले (त्यांचा कर मुळात कापलाच जात नाही) ते म्हणाले, आपल्याला तर तसंच काढणार. मशिनी थांबल्या. लोखंडवाला थकबाकी मागायला येऊन बसला. शेवटी मालक, शिवराजशेठ, स्वतः खाली आले आणि हात जोडून म्हणाले, "बाबांनो, काळजी करू नका, तुम्ही माझी लेकरं आहात." तिथंच घात झाला. शेठना गोड बोलताना कुणी कधी ऐकलंच नव्हतं, दोघं तर रडायलाच लागले. ते पाहून शेठचा तोल गेला. "मशिनी बंद ठेवून कसला तमाशा लावलाय रे? उद्याची गाडी काय माझा बाप भरणार?" असे कडाडले, की सगळ्यांचे चेहरे खुलले. बद्रीनाथ माझ्या कानाशी लागला, "आता पटलं. लई दिवस चालतोय कारखाना." आणि जो तो आपल्या मशिनवर गेला.

तर अल्लाहच्या मेहरबानीनं निभावलं. अम्मीनं फोनवर काही भलतं सांगितलं असेल, तर मनावर घेऊ नका. मामींना सलाम, तुमच्या लेकीला, लाइबाला, दुआ.

तुमचा
साकिब

ता. क. – संध्याकाळी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो. तर म्हणाले, "बसा साकिबभाई, चहा घ्या. घरी सगळे बरे ना?"

आणखी एक – तुमच्या साड्यांच्या दुकानात हिशेबाला माणूस लागतो का? सहज विचारतोय. उत्तर अम्मीच्या फोनवर नको.