पंधरा पावलांवरून

अ‍ॅशबर्न, अमेरिका, १८ नोव्हेंबर २००५

चि. सौ. इंदूस दादाचे पोटभर आशीर्वाद.

मी खुशाल आहे. थंडी सोसते, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. सुमंत आणि सूनबाई सकाळी सातला कामावर जातात. बाराच्या ठोक्याला सुमंतचा फोन येतो, "बाबा, जेवलात ना?" मी "हो" म्हणतो, की झालं.

शेजारी वॉल्टर म्हणून माझ्याच वयाचा गडी आहे. तो हरणाच्या शिकारीला धनुष्यबाण घेऊन जातो. आपल्याला शिकार कसली गं, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलंच, "अरे बाबा, बंदूक असताना हा खटाटोप कशाला?"

तो हसला. म्हणाला, "बंदुकीला शंभर पावलांवरूनही जमतं. बाणाला पंधरा पावलांवर यावं लागतं. मग हरणाचे डोळे दिसतात, श्वास ऐकू येतो. पुष्कळदा बाण सोडवतच नाही."

परवा दिवसभर झाडावर बसून, हरीण अगदी जवळ येऊनही, रिकाम्या हातांनी परत आला, पण चेहरा कसा जेवून उठल्यासारखा. मला त्या हरणाचा हेवा वाटला बघ. इतक्या जवळ येऊन माझ्याकडे कोण बघतं? पोरं गुणी आहेत हो, गैरसमज नको. लांबून नेम अचूक असतो त्यांचा.

दाजींचा खोकला थांबला का?

सुमंत म्हणतो, अजून सहा महिने राहा. माझं अजून ठरत नाही. तुला काय वाटतं ते फोनवर सांगू नकोस. पत्र लिही. तुझं अक्षर डोळ्यांजवळ धरून वाचीन.

तुझा, टपालाच्या पेटीपर्यंत रोज फेरी मारणारा,
दादा