नाना, सासरे आले होते

प्रिय नाना,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत बसली आणि दारात कोण उभं? माझे सासरे! तुझ्या विरोधातल्या पॅनलचे पुढारी, तुझ्या मयतालाही न आलेले. हे सगळ्यात आधी तुलाच सांगायचं होतं. वर्षभर असंच होतंय. काही घडलं की तोंडात "नाना" येतं, आणि मग आठवतं.

हायस्कुलात तू सगळाच इतिहास शिकवायचास, पण जीव अडकलेला रोममध्ये. संध्याकाळी मिठागराच्या बांधावर फिरायला न्यायचास आणि सांगायचास. सीझर आणि पॉम्पी, दोघे बडे सेनापती. सीझरची लेक ज्युलिया पॉम्पीला दिलेली. एकदा निवडणुकीच्या हाणामारीत पॉम्पीच्या कपड्यांवर रक्त उडालं. ते कपडे घरी आलेले बघून पोटुशी ज्युलिया बेशुद्ध पडली. पुढे बाळंतपणात ती गेली, आणि सासरा-जावई एकमेकांवर फौजा घेऊन धावले. दर वेळी इथे तुझा आवाज बसायचा. तो बसका आवाज पुन्हा ऐकायला मी काय देऊ, सांग!

मी संदेशशी लग्न करते म्हटलं, तेव्हा गाव म्हणालं, मास्तर त्या घरात लेक देणार न्हाय. तू मात्र लगेच हो म्हणालास. "बाय, तू गेलीस की भांडण मिटंल." नाना, हे काम लेकीच्या गळ्यात का घातलंस? तुझ्या ज्युलियाला तरी कुठे जमलं होतं?

मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली, एका पॅनलचा पुढारी तू, दुसऱ्याचे सासरे. मतमोजणीला दगडफेक झाली, संदेशचं कपाळ फुटलं. मला सातवा महिना होता. टाके घालून तो निजला, आणि त्याचा रक्ताळलेला शर्ट घेऊन मी थेट तुझ्या दारात आले.

"कुनी मारला?" तू विचारलंस.

"तुम्ही दोघांनी," मी म्हणाले.

तू चपलाही न घालता निघालास. मी मागोमाग. सासऱ्यांच्या अंगणात उभा राहून म्हणालास, "नातवंड येनार हाय. आता पुरं करू."

ते ओटीवरून उठलेही नाहीत. "मास्तर, घरी जा."

भर उन्हात किती वेळ उभा राहिलास तू! दुसऱ्या दिवशी पॅनल सोडलंस. तुझीच माणसं तुला फितूर म्हणाली. माझी ओवी जन्मली, पण तू आमच्या घराची पायरी चढला नाहीस. मीच तिला तुझ्याकडे आणायचे. तिला मांडीवर घेतलंस की तू रोमही विसरायचास.

काल सासऱ्यांनी पहिला घास हातातच धरला. म्हणाले, "सूनबाय, त्या दिशी मास्तराला आत ये म्हनायचं व्हतं. तोंडातून न्हाय निघालं." आणि सगळ्यांदेखत रडले. मला राग आला, नाना. तू असताना का नाही आले? तरी मी त्यांच्या पानात भात वाढला. तूही तेच केलं असतंस ना?

परतताना तुझा एक फोटो आणला आणि त्यांच्याच ओटीवर लावला. ओवी आता बोलायला लागलीय. बोट दाखवून विचारते, "हा कोन?"

नाना, एक वचन देते. याचं उत्तर तिला मी देणार नाही. माझ्या सासऱ्यांनाच द्यायला लावीन. ती विचारेल तितक्यांदा.

तुझीच,
बाय