ओहोटीत मिळवलेला एक तास

सोमवार, ३ जून

योझिनाने आज स्पष्ट सांगून टाकलं. मी तिच्या घरी राहायला जायचं की नाही, हे तानेके ठरवणार. तानेके तिची मुलगी, वय सात. अजून ती माझ्याशी थेट बोलत नाही. मी समोर बसलेला असताना आईला विचारते, हा जेवायला थांबणार आहे का. योझिना म्हणाली, घाई काही नाही, पण पोरगी हो म्हणाल्याशिवाय तुझ्या बॅगा माझ्या दारात नकोत.

अट योग्य आहे. मुलांचं मला चांगलं जमतं.

निश्चय: येत्या रविवारी दोघींना समुद्राच्या बांधापलीकडे, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खाजणात पायी फिरायला नेणार. जमीन सपाट. चढ नाही, कडा नाही, पडायला जागाच नाही. गावातल्या चर्चचा मनोरा कुठूनही दिसतो, म्हणजे चुकायची सोय नाही. लहान मुलांना घेऊन जायला याहून निर्धोक ठिकाण आमच्या अख्ख्या झीलंड प्रांतात नसेल.

मंगळवार, ४ जून

योझिनाच्या वडिलांना बेत सांगितला. लीवेन. सगळं आयुष्य शिंपल्यांच्या होडीवर गेलं, आता गुडघा धरून घरी असतात. त्यांनी विचारलं, वाटाड्या कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी खिशातून पेपरमिंट काढून तोंडात टाकलं. मला दिलं नाही. मग म्हणाले, बरं, मी बांधावर खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसतो.

मी म्हटलं, त्याची काही गरज नाही. ते म्हणाले, तुझ्यासाठी नाही रे पोरा, रविवारी टीव्हीवर काही नसतं.

हळूहळू विरघळतायत.

बुधवार, ५ जून

भरती-ओहोटीचं काम आज उरकलं. हेच सगळ्यात महत्त्वाचं. मासेमारीच्या दुकानातलं भरतीचं पुस्तक संपलं होतं, पण योझिनाच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली वेळा छापलेल्या असतात. रविवारी पूर्ण ओहोटी सकाळी अकराला.

आता यात एक गोम आहे. भरतीच्या वेळा छापतात त्या वर्षभर हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणून छापलेल्या वेळेत एक तास मिळवायचा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, तरी दरवर्षी कोणी ना कोणी विसरतं आणि बचाव होडीला बाहेर पडावं लागतं. अशा लोकांची मला दया येत नाही.

म्हणजे ओहोटी बारा वाजता. कार्डावर शाईने लिहिलं. खाली रेघ मारली.

शुक्रवार, ७ जून

तयारी: गमबूट, शिट्टी, पिवळं जाकीट (पुढे चालणारा लांबून ओळखू यायला हवा), दालचिनीचे चिकट पाव, या वहीसाठी प्लास्टिकची पिशवी. चिखलात कसं चालायचं यावर एक छोटं भाषणही तयार केलं. टाच आधी उचला, थांबू नका, वाटाड्याच्या पुढे जाऊ नका. बूट घालून न्हाणीघरातल्या पायपुसण्यावर तालीम केली. खालच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना.

झोप नीट लागत नाही. उत्साहामुळे.

रविवार, ९ जून. पहिली विश्रांती

सव्वाअकराला निघालो. बांध उतरल्यावर लगेच मोठा ओहळ लागतो, तो सहज ओलांडला. पाणी घोट्यापर्यंत. भाषण झालं. तानेके ऐकत होती असं वाटत होतं, पण ती माझ्या शिट्टीकडे बघत होती. ही याची आहे का, असं तिने आईला विचारलं.

आत्ता एका लहान ओहळाच्या काठावर बसून पाव खातोय. दुपारचे साडेबारा. माझ्या हिशेबाने ओहोटी नुकतीच पूर्ण झाली, म्हणजे भरपूर वेळ आहे.

तानेके गवताच्या काड्या पाण्यात टाकत होती. काड्या समुद्राकडे जायच्या सोडून बांधाकडे निघाल्या. असं का, तिने आईला विचारलं. मी सांगितलं, वाऱ्यामुळे. वारा आज जमिनीकडून आहे, पण पाण्यालगतचा वेगळा असणार.

रविवार, थोड्या वेळाने

एक छोटी अडचण. तानेकेचा डावा बूट चिखलात रुतला. मी ओढला, पाय बाहेर आला, बूट नाही. पुन्हा ओढला तर चिखलाने तो आणखी आत घेतला. शेवटी सोडून दिला. तिने रडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली, कारण तिला मेंढ्या दिसल्या.

खाजणात चरायला सोडलेल्या मेंढ्या गवत सोडून एकामागे एक चालत निघाल्या होत्या. कुणी हाकत नव्हतं. तानेके म्हणाली, आई, त्या घरी चालल्यात. मी म्हटलं, ऊन लागत असेल. योझिनाने वर बघितलं. आभाळ भरलेलं होतं.

योझिना म्हणाली, मारिनस, आपण परत फिरू या.

मी म्हटलं, हरकत नाही, तसंही बेतात होतंच.

रविवार. मेंढ्यांचं टेकाड

पिशवीमुळे वही कोरडी राहिली. अक्षर नीट काढतोय.

परत मोठ्या ओहळापाशी आलो तर तो ओहळ राहिला नव्हता. पाणी काठाला लागलेलं, तपकिरी, आणि जोरात आत येणारं. पलीकडे बांध दिसत होता, खुर्ची दिसत होती. लीवेन उभे राहून दोन्ही हात डोक्यावर हलवत होते. मीही हलवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला हात केला.

मग मी खोली बघायला उतरलो. तिसऱ्या पावलाला पाणी कमरेपर्यंत आलं आणि पायाखाली काही उरलं नाही. योझिना म्हणाली, मारिनस, बाहेर ये. आवाज चढवला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काठाच्या गवताला धरून वर आलो. मागे बघतो तर तानेके एका पायात बूट, एक पाय अनवाणी, मेंढ्यांच्या मागे पळत निघालेली. योझिना तिच्या मागे. मी सगळ्यात शेवटी, पिछाडी सांभाळत. पायवाटेवर पाणी पायाला लागत होतं. शिट्टी वाजवली. एका मेंढीने मान वळवली.

मेंढ्या येऊन थांबल्या ते हे टेकाड जुन्या लोकांनी मेंढ्यांसाठीच मातीचं रचलेलं आहे, भरतीत त्या बुडू नयेत म्हणून. आमच्या घरच्या दोन खोल्यांएवढं असेल. मेंढ्यांनी मधली जागा घेतली आहे. आम्ही कडेला. चहूकडे पाणी, आणि गवताची टोकं एकेक करून दिसेनाशी होतायत.

योझिनाने वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. लीवेन म्हणाले, तिथेच बसा, टेकाड बुडत नाही, पोरीला मेंढ्यांमध्ये घाल. आणि त्या पिवळ्याला म्हणावं, आता कसलीही कल्पना लढवू नकोस.

मग त्यांनी विचारलं, ओहोटी किती वाजता धरली होती? मी मोठ्याने सांगितलं, बाराला. कॅलेंडरवर अकरा, अधिक एक तास. योझिना म्हणाली, त्या कॅलेंडरमध्ये तो तास आधीच मिळवलेला असतो. बाबांनी त्याचसाठी ते स्वयंपाकघरात लावलंय.

मी म्हटलं, तसं ठळक छापायला हवं होतं.

ती म्हणाली, छापलंय. गायीच्या चित्राखाली.

टेकाडावर, अजून

पाणी अजून चढतंय. तानेकेने आईला विचारलं, किती वर येणार? योझिनाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आणखी थोडंसंच. मला माहीत नाही.

माझं जाकीट तानेकेला घातलं. माझे दोन्ही मोजे पिळून तिच्या अनवाणी पायात, एकावर एक. तो पाय तिने एका म्हाताऱ्या मेंढीच्या पोटाखाली सरकवला आहे आणि मेंढीने हरकत घेतलेली नाही. मी सगळ्यात खालच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून बसलोय. पाणी बुटांना लागलं. मग पुन्हा बुटांत आलं.

तानेके बराच वेळ माझ्याकडे बघत होती. तिने आईला विचारलं, हा बुडेल का? योझिना म्हणाली, नाही गं. तानेके म्हणाली, मग खाली कशाला बसलाय?

मग ती थेट माझ्याकडे वळली आणि म्हणाली, वर सरक.

मला उद्देशून तिचा हा पहिला शब्द. खरं तर दोन. मी सरकलो. माझ्या आणि तिच्या मध्ये एक मेंढी बसली.

सोमवार, १० जून

काल पाणी उतरेपर्यंत संध्याकाळचे आठ वाजले. अजून भरपूर उजेड होता. लीवेन चिखलातून काठी टेकत अर्ध्या वाटेपर्यंत आले. तानेकेला खांद्यावर घेतलं. योझिनाला थर्मासमधून वाटाण्याचं सूप दिलं. माझ्यासमोर पेपरमिंटची पुडी धरली. मी एक घेतलं. ते म्हणाले, दोन घे, एक कॅलेंडरच्या तासाचं, एक तुझ्या तासाचं.

सर्दी झालीये. जाकीट धुवायला टाकलं.

नीट विचार केला तर सहलीचा हेतू साध्य झाला. मुलीला निसर्ग जवळून बघायला मिळाला.

गुरुवार, १३ जून

तानेकेच्या शाळेत सोमवारी सकाळी मुलं गोल बसून सुट्टीत काय केलं ते सांगतात. बाईंनी आज योझिनाला तानेकेचं चित्र दाखवलं. खूप मेंढ्या, मध्ये ती आणि आई, आणि कोपऱ्यात पिवळं काहीतरी. बाईंनी विचारलं होतं, हा सूर्य का? तानेके म्हणाली, नाही, हा मारिनस आहे. हा आमच्याबरोबर असतो.

योझिनाने हे सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. सर्दीने डोळ्यांतून पाणी येतंच.

तानेके हो म्हणाली आहे. अट एकच, पुढच्या वेळी खाजणात मेंढ्या पुढे चालतील. मी मान्य केलं. पुढारीपण वाटून घ्यायला माझी कधीच ना नव्हती.

शुक्रवार, १४ जून

बूट सापडला. भरतीने बांधाच्या पायथ्याशी आणून टाकला होता. लीवेननी धुतला नाही. तसाच चिखलासकट योझिनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवून त्यात जांभळी रानफुलं खोचली. कॅलेंडरच्या बरोबर खाली.

उद्या सामान न्यायचं. मी जेवताना सांगितलं, टेम्पो सकाळी दहाला बोलावलाय. योझिनाने काटा खाली ठेवून विचारलं, दहा म्हणजे दहाच? मी म्हटलं, हो, दहाच.

तानेके म्हणाली, मारिनस, आजोबांना विचारून घे.

विचारलं. दहाच.