सातव्या पानावरचा फोटो

१७ जानेवारी २०२३, मंगळवार

झालं एकदाचं लग्न! फुकट खटले चालवणारी समिती आणि ‘विविधता व समावेश’ समिती आजपासून एकच. दोन्हीकडे कुणी फिरकत नव्हतं, म्हणून एका दावणीला बांधल्या. प्रमुख कोर्टनी. तिचा उत्साह नुसता उतू जातोय. म्हणे, “ज्या समाजांसाठी आपण फुकट लढतो, त्याच समाजांतले वकील इथे वर यायला हवेत. दोन्ही कामं एकच आहेत!”

वाक्य खोटं नाही. पण बोलताना ती सारखी माझ्याकडे बघत होती. बघणारच – बॉस्टनच्या या ऑफिसात आम्ही चाळीस वकील, त्यात काळी मी एकटी.

मग फाईल माझ्या पुढ्यात सरकली. हैतीची बाई, आश्रयाचा अर्ज. “नादेज, तुला तर तिची भाषा येते!” येते. आईशी भांडण्यापुरती येते. यंदा फर्मच्या भागीदारीसाठी माझं नाव निघणार आहे. नाही म्हणायची सोय नव्हती.

२० जानेवारी

विडलीन एस्तिमे. वय एकेचाळीस. गोनाईवच्या बाजारात कापडाचं दुकान होतं – म्हणजे आईचंच गाव! आईला मात्र नाव सांगितलं नाही. अशिलाचं नाव घरी न्यायचं नसतं.

टोळीवाल्यांनी तिच्या नवऱ्याला तिच्यासमोर मारलं. तिने पोलिसांना नावं सांगितली. चौथ्या दिवशी दुकान पेटवलं. ती मागच्या भिंतीवरून उडी टाकून सुटली, पण ते समजतात ती आत जळाली. धाकटी बहीण मिकेर्लिन – तिने मोठ्या हिमतीने रिकामी शवपेटी पुरली. पाद्री बोलावला, ऊर बडवून रडली, गावाला जेवण घातलं. टोळीतले दोघं जेवून गेले!

“ती तिथे आहे तोवर मी मेलेलीच बरी, वकीलबाई. मी जिवंत आहे हे कळलं तर ते तिच्या दारात उभे राहतील.”

मिकेर्लिनला बाहेर काढायचं तर आधी हिला आश्रय मिळाला पाहिजे. एवढंच आहे सगळं.

जाताना माझ्या क्रेओल भाषेला हसली. “तू अगदी मिशनरी बाईसारखी बोलतेस गं!”

९ फेब्रुवारी

जबानीचा सातवा दिवस. आगीपाशी आली की ती थांबते, पाणी मागते आणि पीत नाही. पेला तसाच भरलेला राहतो. मीच नेऊन ओतते.

२४ फेब्रुवारी

कोर्टनीला पुस्तिका काढायची आहे. नव्या समितीचं पहिलं काम, मोठ्या गिऱ्हाइकांना पाठवायची. सातव्या पानावर मी आणि विडलीन! मी ओरडलेच. “ती मेलेली आहे, कोर्टनी! मेलेल्या बाईचा फोटो छापतात का?”

“पाठमोरा घेऊ. चुकून चेहरा आलाच तर पुसून टाकू. शब्द देते तुला.”

हो म्हटलं. का म्हटलं ते इथे तरी खरं लिहावं. कोर्टनी भागीदारीच्या बैठकीत बसते.

विडलीनला समजावलं. कागद वाचून दाखवला, तिने सही केली. “तू सांगतेस ना? मग झालं.”

३ मार्च

फोटो झाला. माझ्या टेबलापाशी विडलीन पाठमोरी, मी समोर. फोटोवाला तिच्या ओढणीवरून काहीतरी मोडकंतोडकं फ्रेंच बोलला. ती गर्रकन वळली आणि खो खो हसली – आणि त्याने तोच टिपला. तिचे सगळे दात दिसतायत.

संध्याकाळी कोर्टनीने मला पाठवला. “हाच घेऊया, तिचा चेहरा पुसून. तू किती छान आली आहेस!” आले आहे खरी. कितीदा पाहिला. नेहमी मी फोटोत कुणाच्या तरी मागे कागद धरून उभी असते. यात टेबल माझं, कप माझा, मागे माझी पुस्तकं.

५ मार्च, रविवार

आईला फोटो पाठवला. एकोणीस वर्षं वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलून तिने मला शिकवलं. बघू दे लेकीचं टेबल. उत्तरादाखल सात लाल बदाम आले आणि “केस तरी विंचरायचेस!” शेजारची बाई कोण, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

११ मार्च

विडलीन न सांगता ऑफिसात आली. फोन पुढे धरला. अनोळखी नंबरावरून आमचा फोटो आला होता, तोच, हसरा. खाली एकच ओळ: “पेटीत कोण आहे मग?”

मिकेर्लिन फोन उचलत नाहीये.

१२ मार्च

उचलत नाही.

१४ मार्च

शेजारणीने कळवलं. मिकेर्लिनला आधी कबरस्तानात नेलं. तिच्याच हाताने पेटी उकरायला लावली. पुढचं मी लिहिणार नाही.

विडलीन माझ्या खुर्चीत बसून होती, चार तास. मध्येच म्हणाली, “तिला कुदळ धरता येत नव्हती गं.”

१५ मार्च

कोर्टनीच्या खोलीत गेले. दार लावलं नाही – ऐकू दे सगळ्यांना! “मोठा शब्द दिला होतास! कच्ची प्रत किती जणांना वाटलीस?” ती पांढरीफटक. “छापखान्याशिवाय कुणालाच नाही, नादेज. आणि त्यात चेहरा—” पुढचं ऐकूनच घेतलं नाही. तुम्हाला आमची माणसं पुस्तिकेसाठी लागतात, म्हटलं, जिवंत असली काय, मेली काय! ती रडायला लागली. मला तिचं रडणं बघून बरं वाटलं. हो, वाटलं.

२१ मार्च

माझी तक्रार वरपर्यंत गेली. कोर्टनीला काढलं. एका खोक्यात तिचं सामान मावलं. जाताना माझ्या दाराशी थांबली, मी मान वर केली नाही. छापून आलेले गठ्ठे कुलपात टाकलेत, कुणी हात लावायचा नाही असा हुकूम आहे. समिती बरखास्त. भागीदार मंडळी अचानक माझ्याशी फार हळू आवाजात बोलतात.

४ एप्रिल

पुरावे दाखल केले. फोटो. “पेटीत कोण आहे मग?” शेजारणीची जबानी. शेवटी माझं प्रतिज्ञापत्र: हा फोटो आमच्या फर्मच्या पुस्तिकेतून फुटला. शपथेवर सही केली. फर्मने बोटही वर केलं नाही, घाबरलीय नुसती. विडलीनने माझा हात धरला. “आपल्याच लोकांविरुद्ध लिहिलंस तू. माझ्यासाठी.”

१८ मे

जिंकलो! आश्रय मंजूर. न्यायाधीशबाई म्हणाल्या, अर्जदाराच्या जिवाला धोका आहे हा आता अंदाज राहिलेला नाही. म्हणजे मिकेर्लिन मेली म्हणून विडलीन राहिली. बाहेर पायऱ्यांवर ती हसली नाही, रडली नाही. माझी कॉलर सरळ केली आणि म्हणाली, “आता माझं इथे कोण आहे? तूच आहेस, पोरी.” घट्ट मिठी मारली. मला लाज वाटली आणि अभिमानही.

६ जून

भागीदार झाले. केक आणला होता. आईने रविवारी जेवण ठेवलंय आणि हट्टच धरला – “त्या बाईलाही आण! आपल्या गावची आहे म्हणतेस, एकटी आहे.” खटला संपला म्हणून एवढं सांगितलं होतं. विडलीन हो म्हणाली.

९ जून, शुक्रवार

आज कुलपातले गठ्ठे रद्दीत निघाले. वाटेत एक फुटला, मी पुस्तिका उचलली. सातवं पान. विडलीनच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. माझा कपही कापलेला. विडलीनच्या फोनवर आला त्यात कप आहे. छपाईची तारीख ७ मार्च.

पूर्ण फोटो फोटोवाल्याकडे, कोर्टनीकडे आणि माझ्याकडे. हीच वही मागे उलटली. ५ मार्च. माझंच अक्षर.

आईला फोन केला. “हो, तेव्हाच टाकला की चर्चच्या ग्रुपवर! सगळ्यांनी पुढे पाठवला, पार गोनाईवपर्यंत गेला म्हणे. का गं?”

काही नाही, म्हटलं.

“बरं, ऐक – रविवारी त्या बाईसाठी काय करू? काय आवडतं तिला?”